मदत हवी आहे: चोक बंद केला की गाडी सिग्नलला बंद पडते

१५० सीसी, कार्बोरेटरवाली बाईक. मुंबईत हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यातून काढली तेव्हापासून अर्धा चोक ओढूनच चालते. हळू रेसला गचके, रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके. फुल रेसला मात्र छान ओढते. प्लग नवा टाकला, एअर फिल्टर सुकवला, फरक शून्य. मेकॅनिक बोअर-पिस्टन (इंजिन खोलून सिलिंडर-पिस्टनचं काम) सांगतोय. काम काढू का?

प्रतिसाद १
अजिबात नको! बोअर गेलं असतं तर निळसर धूर दिसला असता, ऑइल कमी झालं असतं, फुल रेसलाही दम लागला असता. चोक ओढला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणून चोकवर सुधारते म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटरमध्ये जेट म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक असलेला तुकडा. फुल रेसला मेन जेट पेट्रोल देतो, आयडलिंगला (रेस न देता उभ्या गाडीत इंजिन चालू असताना) पायलट जेट. संशय पायलटवर.

इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत टाकीखालचा पेट्रोल कॉक बंद करा. कार्बोरेटरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच-दहा मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल थोडं पाणी मुरवून घेतं, जास्त झालं की पाण्यासकट खाली बसतं. मग नुसता कार्बोरेटर धुऊन भागत नाही, टाकीही रिकामी करावी लागते.

पायलट जेट उजेडाकडे धरा, स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. त्यात तार घालू नका. भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं, ओरखड्यानेही माप बिघडतं. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा, बस.

धागाकर्ता
तळाशी थर निघाला. टाकी रिकामी केली, जेट साफ केला. आता चोकशिवाय चालते, पण गरम झाल्यावर आयडलिंग वरखाली होतं आणि फटाके आहेतच.

प्रतिसाद २
कार्बोरेटर आणि इंजिनच्या हेडच्या मधला रबरी जॉइंट बघा. आयडलिंगवर त्याच्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय. क्लीनर मारू नका, गरम इंजिनवर पेट घेईल. जॉइंट वाकवून भेगाही तपासा, ओ-रिंग सोबतच बदला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळेल, जुना नमुना घेऊन जा.

मिक्श्चर स्क्रूला (आयडलिंगचं हवा-पेट्रोल प्रमाण ठरवणारा) हात सगळ्यात शेवटी. आधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून फेरे मोजा, लिहून ठेवा, परत तिथेच आणा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते. इथेच बरेच जण उलटं फिरवतात.