कुंडीतलं हे पांढऱ्या फुलांचं तण कुठलं? हात लावला की बिया उडतात!

कुंडीवाली:
नमस्कार मंडळी, आम्ही गेल्या वर्षी इंग्लंडला आलो, रेडिंगजवळ राहतो. नर्सरीतून लव्हेंडरच्या कुंड्या आणल्या होत्या आणि आता प्रत्येक कुंडीत एकच तण उगवलंय. बुडाशी मातीला चिकटून पानांचं गोल चक्र, एकेका देठाला समोरासमोर बारकी गोल पानं आणि टोकाचं जरा मोठं. मधून वीतभर दांडी आणि वर तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं. काल उपटायला बसले तर तडतड करत बिया थेट तोंडावर उडाल्या, एक डोळ्यात गेली, बराच वेळ चुरचुरत होतं. औषध मारावं लागेल का? पान चुरगळलं की वास ओळखीचा येतो पण कसला ते आठवत नाहीये.

रानवाटा:
ताई, आधी पाकळ्या मोजा. चार असतील, अधिकच्या चिन्हासारख्या, तर हे मोहरीच्या कुळातलं हेअरी बिटरक्रेस, कार्डामिनी हिर्सुटा. शेंगा सुईसारख्या उभ्या आणि फुलांच्याही वर गेलेल्या दिसतील. भिंग असेल तर पुंकेसरही बघा, मोहरीला सहा असतात, याला बहुतेक चारच.

वास तुम्हाला घरचाच आठवत असणार, हळिवाचा. तेही याच कुळातलं. लोणच्याला मोहरी फेसताना नाकात जाते ना, तोच प्रकार आहे, पान किंवा दाणा चिरडला की आत वेगवेगळी ठेवलेली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि तिखटपणा तयार होतो. फोडणीत मोहरी तापल्यावर त्या दोनांतलं एक, म्हणजे हा बदल घडवणारं एन्झाइम, मरतं म्हणून तडतडलेली मोहरी तशी झोंबत नाही.

कलोनकर:
बिया उडण्याबद्दल लिहितो, मी जर्मनीत कलोनला असतो आणि इथल्याच माक्स प्लांक या वनस्पती संशोधन संस्थेत यावर काम झालंय, 2016 साली ते छापून आलं. आपल्याकडे गौरीसाठी तेरडा तोडताना बोंड फुटतं तसंच हे, पण वेग बघा. शेंगेच्या दोन फाकी सुमारे 3 मिलिसेकंदांत गुंडाळल्या जातात आणि बी सेकंदाला 10 मीटरपेक्षा जास्त वेगाने सुटतं! पुष्कळ शेंगा वाळून फुटतात, ही मात्र हिरवी, पाण्याने भरलेली असतानाच फुटते. फाकीच्या बाहेरच्या पेशी आखडू बघतात, आतला लाकडासारखा कडक थर आखडू देत नाही, ताण साठत राहतो. त्या कडक थराला बिजागरीसारखे बारीक सांधे असतात, ते उघडले की फाकी सपाट होते आणि लगेच गुंडाळते, मुलांच्या मनगटावर मारल्यावर गुंडाळणारी पट्टी असते ना अगदी तशी. मी ते व्हिडिओ कितीदा पाहिलेत, दरवेळी थक्क होतो.

याचंच जवळचं भावंड म्हणजे अ‍ॅरॅबिडॉप्सिस, वनस्पतींमध्ये सगळ्यात आधी ज्याचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचला गेला ते, 2000 साली. त्याच्या शेंगा मात्र उडत नाहीत, म्हणून दोघांची तुलना करायला बरं पडतं.

परसबाग_लीड्स:
औषध अजिबात मारू नका. मुळं वरवर असतात, ओल्या मातीत दोन बोटांनी निघतं. पण वेळ महत्त्वाची, फूल दिसलं रे दिसलं की काढायचं, शेंग धरल्यावर हात लावलात तर तुम्हीच पेरणी केलीत असं समजा. आता ज्यांना शेंगा आहेत त्यांच्यावर आधी प्लास्टिकची पिशवी उपडी घालून मुठीत आवळा आणि मग उपटा, कंपोस्टमध्ये टाकू नका. वर्षात दोनतीन पिढ्या सहज होतात त्यामुळे एकदा काढून भागत नाही. आणि नर्सरीतून नवीन कुंडी आणली की वरची बोटभर माती काढून टाकत जा, बिया बहुतेक तिथूनच येतात. मी पंधरा वर्षं हेच करतेय.

रानवाटा:
आणि कोवळं असेल तर फेकू नका, खाता येतं! फक्त ओळख पक्की करा आणि फवारलेल्या जागेतलं नको. नर्सरीच्या कुंडीत आधी काय मारलंय माहीत नसतं, त्यामुळे वाफ्यात उगवलेलंच घ्या.

कुंडीवाली:
चारच पाकळ्या आहेत! कुंड्यांमधलं सगळं पिशवी घालून काढलं, वाफ्यातलं कोवळं धुवून काकडीच्या कोशिंबिरीत घातलं, दाण्याचं कूट आणि लिंबू. हळीवच! आई बाळंतिणीला लाडू करायची तेव्हा भिजवलेल्या हळिवाचा वास घरभर असायचा, तोच. लेकीने दोन शेंगा बशीत ठेवल्यात, तेरड्याचं सांगितल्यापासून तिला फुटताना बघायच्यात.