मदत हवी आहे: बामणोलीकडे २२ जणांचा तंबूत मुक्काम, गेल्या वर्षीची फजिती परत नको

नमस्कार मंडळी,

आम्ही साताऱ्याचे. दर डिसेंबरात चुलत-मावस सगळे मिळून एक रात्र बाहेर काढतो. यंदा २२ डोकी आहेत. सगळ्यात धाकटा सात वर्षांचा, सगळ्यात थोरले आमचे अप्पा, वय ७१, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. १३ डिसेंबरची रात्र धरलीय, कारण १३-१४ ला मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो आणि साताऱ्यात आमच्या गच्चीवरून फक्त शेजारच्यांचा हॅलोजन दिसतो.

आधी गेल्या वर्षीचं सांगतो. शिवसागराच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठावरचा एक कॅम्प फोटो बघून ठरवला (नाव घेत नाही). तंबू अगदी पाण्यालगत. संध्याकाळी सगळे खूश, फोटोंवर फोटो. रात्री दोनला माझ्या कपाळावर थेंब पडला. वाटलं पाऊस. बाहेर आलो तर आभाळ स्वच्छ. आत येऊन कापडाला हात लावला, तर ते आतून ओलंचिंब! पांघरुणं दमट, पोरांचे पायमोजे ओले. दोन संडास सांगितले होते, त्यातल्या एकाला कुलूप. अप्पा दोनदा उठले. दोन्ही वेळा मोबाइलच्या उजेडात त्यांचा हात धरून दगडगोट्यांतून चढ चढलो. दुसऱ्या वेळी मध्येच थांबून म्हणाले, "घरात संडास होता की रं आपल्या."

तर विचारायचं असं: तरुण पोरांना वासोटा किल्ल्याखालच्या जंगलातच तंबू ठोकायचेत, ते चालतं का? तंबू आतून ओला होऊ नये म्हणून काय करायचं? आणि मार्गशीर्ष लागला असेल तर निम्म्यांचं मटण बंद, मग २२ जणांना एकच बेत काय करावा?

घाटमाथ्यावरचा:
पोरांना आधी थांबवा. वासोटा कोयना अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८५ चं, आणि २०१० पासून चांदोलीसह सगळं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलंय. बामणोलीत वनखात्याची परवानगी काढायची, बोटीनं पलीकडे जायचं, गड बघून उजेडात परत फिरायचं. मुक्काम नाही म्हणजे नाही. आम्ही पूर्वी वर राहिलोय, पण ते दिवस गेले. राहायचं ते अलीकडच्या काठाला, गावकऱ्यांच्या खासगी रानात. वासोटा करायचाच असेल तर तरुणांनी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरची बोट धरावी. नुसत्या बोटीलाच जायला दीड तास लागतो. अप्पांना त्यात ओढू नका.

दवबिंदू:
तुमच्या कपाळावर पडला तो तुमचाच श्वास! चार माणसं रात्रभर बंद तंबूत श्वास सोडतात, ती वाफ गार कापडाला लागून पाणी होते. त्यात पाण्याकाठची हवा आधीच दमट, आणि गार हवा रात्री उतारावरून खाली येऊन काठाशीच साचते. म्हणून तंबू काठापासून वर, सपाट बांधावर किंवा पडीक वावरात लावा. वरची झडप उघडी, दाराची जाळी बंद. थंडी वाजते म्हणून सगळं गच्च लावलं की संपलं. जमिनीवर आधी जाड ताडपत्री, ती तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर तिच्यावरचं दव घरंगळत आत येतं.

आणि हात जोडून सांगतो, शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं तंबूत नेऊ नका. त्याच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

शिराळ्याची सून:
दादा, कॅम्पवाल्याला "संडास किती" विचारू नका. "रात्री दहाला उघडे किती, पाणी कुठून येतं, तिथपर्यंत दिवा आहे का" असं विचारा. शक्यतो एकानं आदल्या रविवारी जाऊन बघून यावं. बायकांची निम्मी सहल त्या एका गोष्टीवर ठरते, पुरुषांना ते परतल्यावर कळतं.

जेवणाला अख्खा मसूर आणि भाकरी. कुणाचा नेम मोडत नाही, कुणाची तक्रार नाही. २२ जणांना दीड-पावणेदोन किलो मसूर पुरे. भाकरी तिथल्याच घरी सांगा, आपण नेलेल्या सकाळी चामड्यासारख्या होतात. भडंग मात्र सांगलीचं न्या, रात्री दोनला उल्का बघताना तेच संपतं. सकाळी बूट झटकूनच पाय घालायला सांगा पोरांना, विंचू बसतो.

घाटमाथ्यावरचा:
उल्का नऊनंतर दिसायला लागतील, पण खरी मजा मध्यरात्रीनंतर, मिथुन डोक्यावर आली की. अर्धा तास मोबाइल बघायचा नाही, तेव्हा कुठे डोळे अंधाराला सरावतात. आणि शेजारी स्पीकरवाला ग्रुप नाही ना, हेही बुक करताना विचारून घ्या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. रविवारी जाऊन आलो. काठापासून वर एका घरामागचं वावर मिळतंय, घरातला संडास वापरू देतायत, भाकऱ्याही त्याच मावशी करणार. अप्पांसाठी त्यांच्याच घरात खोली ठरवली, तर अप्पा रुसलेत. "उल्का काय खोलीतनं दिसतात का?" म्हणे. आता त्यांना जमिनीवर बसता-उठता येत नाही, म्हणून घडीची कॉट हवी. साताऱ्यात एका रात्रीपुरती भाड्यानं कुठे मिळेल?

शिराळ्याची सून:
मंडपवाल्याला विचारा. दोन घ्या, दुसरीवर भांडण होईल.