प्रति: महसीर आणि ट्राउट एकाच कुळातले?
दोघेही मासे गार, वाहत्या पाण्यात गळाला जोरदार झुंज देतात म्हणून महसीर ट्राउटच्याच कुळातला, हे वरचं म्हणणं पटत नाही. झुंजीवरून कूळ ठरत नाही. ट्राउट सॅल्मोनिडी कुळातला. महसीर सायप्रिनिडीतला, म्हणजे रोहू-कटल्याचा भाऊबंद. त्याच्या जबड्यात दातच नसतात, ते असतात घशात, कल्ल्यांच्या मागे. रोहूचं डोकं साफ करताना बघा, तेही तसेच सापडतील.

दोघांतला फरक ओळखायला कुणीतरी पाठीवरच्या छोट्या मांसल पराची खूण दिलीय. ट्राउटला तो असतो, महसीरला नाही, इथवर बरोबर. पण आपल्या नदीतल्या शिंगाळा माशालाही तो असतो! त्याच्या अंगावर खवले नसतात, मिशा मात्र लांबलचक, आणि कूळ तिसरंच, बॅग्रिडी. तेव्हा एकाच खुणेवर विसंबू नका.