'अ साइन ऑफ अफेक्शन': नुसती चित्रंच सुंदर?

रानवारा

'अ साइन ऑफ अफेक्शन' या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचा (मूळ जपानी नाव 'युबिसाकी तो रेनरेन') विषय निघाला की एक शेरा हमखास ऐकू येतो: चित्रं अप्रतिम, गोष्टीत मात्र दम नाही. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून धागा काढतेय.

पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. युकी ही जन्मापासून ऐकू न येणारी कॉलेजातली मुलगी. ट्रेनमध्ये एक परदेशी माणूस तिला रस्ता विचारतो, ती गोंधळते आणि तिच्याच कॉलेजातला इत्सुओमी मदतीला येतो. त्याला जपानी, इंग्रजी, जर्मन येतं, पाय घरी टिकत नाहीत, पण सांकेतिक भाषा मात्र येत नाही. ती शिकता शिकता दोघं जवळ येतात. सू मोरिशिता या नावाने काम करणाऱ्या जोडीची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१९ पासून येतेय. त्यावरून आजिया-दो स्टुडिओने २०२४ च्या जानेवारी ते मार्चमध्ये १२ भाग केले. दिग्दर्शक युता मुरानो.

आता मुद्दा. टीव्हीवरच्या ॲनिमेत पात्र बोलत असताना साधारण तीनच तोंडं आलटून पालटून दाखवतात: मिटलेलं, अर्धवट उघडं, पूर्ण उघडं. बाकी सगळं आवाज सांभाळून घेतो. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी नवं चित्र बहुतेकदा दर तिसऱ्या फ्रेमला येतं. बोटं काढणं फार किचकट, म्हणून हात जमेल तिथे चौकटीबाहेर ठेवतात. या मालिकेला यातली एकही पळवाट परवडणारी नव्हती. युकीचं बोलणं हातांत आहे आणि समोरच्याचं बोलणं तिच्यापर्यंत ओठांवरून पोचतं. बोट चुकीचं वळलं तर संवादच चुकला.

म्हणजे इथे देखणेपणा वरून चढवलेला नाही. इत्सुओमी तिच्याशी बोलताना आधी समोर येतो, वाकतो, चेहरा तिच्या नजरेच्या पातळीवर आणतो, मग तोंड उघडतो. दुसऱ्या कुठल्याही प्रेमकथेत ही नुसती रोमँटिक पोझ झाली असती. इथे तसं केल्याशिवाय तिला कळणारच नाही काय म्हणतोय ते. तिचे मोठे डोळे, हिवाळ्यातला तो मऊ उजेड, पडणारा बर्फ, हे सगळं इतक्या बारकाईने दिसतं कारण युकीकडे जग नजरेतूनच येतं. चित्रं बाजूला काढून 'गोष्ट' वेगळी दाखवा म्हटलं तर मला ती दाखवता येणार नाही.

निनाद_के

चित्रांबद्दल तुम्ही लिहिलंय ते मान्य. पण म्हणूनच मला ही मालिका खटकते. इतकं सुंदर काढलं की माणूस प्रश्न विचारायचं विसरतो.

इत्सुओमी पाहा. उंच, देखणा, तीन भाषा, जगभर फिरलेला, कधी चिडत नाही, कधी अडखळत नाही. ओळख धड झालेली नसताना तो युकीच्या डोक्यावर हात ठेवतो. वास्तवात एखाद्या मुलीच्या डोक्यावर असा कुणी हात ठेवला तर तिला काय वाटेल? इथे मागे मंद संगीत आणि कडेने गुलाबी प्रकाश, म्हणून आपण विरघळतो. तिच्या जगात मला येऊ दे, असं तो तिला म्हणतो. वाक्य गोड आहे, पण मालिकेचा बराचसा काळ युकीच त्याच्या मोठ्या जगाकडे डोळे विस्फारून बघत राहते.

आणि ओउशी? तिचा बालमित्र. तिच्याशी बोलता यावं म्हणून सांकेतिक भाषा शिकलेला मुलगा. इत्सुओमी उगवायच्या कितीतरी आधी. त्याच्या वाट्याला काय आलं, तर तुसडेपणा आणि दुरून जळणं. जो खरोखर वर्षानुवर्षं खपला त्याला कथेने खडूस केलं आणि नव्याने शिकायला लागलेल्याला राजकुमार. हा अन्याय चित्रांनी भरून येत नाही.

सांजवात

रानवारा, +१. थोडं अवांतर: आजिया-दो हा १९७८ पासूनचा स्टुडिओ. त्याच्या संस्थापकांपैकी त्सुतोमु शिबायामा यांनी डोरेमॉनचं दिग्दर्शन वर्षानुवर्षं केलं. हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. युकीची आणि ओउशीची बाजू मात्र निनाद यांनी बरोबर मांडली आहे.

अबोली२१

मला ऐकू येत नाही, लहानपणापासून. त्यामुळे दोघांनाही थोडं सांगायचंय.

रानवारा, हात चौकटीबाहेर ठेवण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. सिनेमात, बातम्यांत कुणी खुणांनी बोलत असेल तर कॅमेरा नेमका चेहऱ्यावर जातो आणि हात कापले जातात. म्हणजे आमच्यासाठी वाक्य मध्येच तुटतं. या मालिकेत हात पूर्ण दिसतात. मला जपानी सांकेतिक भाषा येत नाही, भारतीय सांकेतिक भाषा पूर्ण वेगळी आहे, तरी कुणीतरी कुणाशी नीट बोलतंय हे हातांच्या वेगावरून, भुवयांवरून कळत होतं. सबटायटल वाचत पाहिली. मला तर सगळंच तसं पाहावं लागतं.

पण ओठ वाचणं त्यांनी फार सोपं करून टाकलंय. पाळ, बाळ, माळ हे शब्द आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणून पाहा. तिन्ही सारखेच दिसतील. जपानीतही अंड्याला तामागो आणि सिगारेटला ताबाको म्हणतात, ओठांवर दोन्ही एकच. आम्ही ओठांवरून थोडंच उचलतो, बाकी अंदाज. दिवसभर तसं केलं की संध्याकाळी डोकं दुखतं. युकी दमलेली फारशी दिसतच नाही. चित्रं इतकी हळुवार ठेवायची तर तो थकवा कुठे दाखवणार, हा माझा आक्षेप आहे.

निनाद, ओउशीबद्दल माझं मत उलट आहे. भाषा शिकला म्हणून त्याचा हक्क तयार होत नाही. माझ्याशी बोलायला शिकलेले लोक मला आवडतात, पण 'मी तुझ्यासाठी शिकलो' याचं ओझं फार असतं. आणि तो युकीशी खुणांनी बोलतो ते बरेचदा चिडवण्यासाठी किंवा तू हे करू नकोस, तुला जमणार नाही, असं सांगण्यासाठी. ती भाषा येऊनसुद्धा तो तिला लहान करतो.

निनाद_के

अबोली, हक्काचा मुद्दा पटला, तो मागे घेतो. ओउशीकडे मी फक्त त्याच्या बाजूने पाहत होतो. इत्सुओमीबद्दल मात्र मत बदललेलं नाही. तुम्ही म्हणता त्या थकव्याचा प्रश्न मला त्यालाही विचारावासा वाटतो. नवी भाषा शिकणारा माणूस चुकतो, वैतागतो. हा किती सहज शिकतो!

रानवारा

थकव्याचं मला सुचलंच नव्हतं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

इत्सुओमी आदर्श आहे, हो. शोजोचा, म्हणजे मुलींसाठीच्या जपानी चित्रकथांचा, नायक असाच असतो. पण एका गोष्टीचं श्रेय त्याला द्या. युकीला काही सांगायचं असलं की तो थांबतो. ती फोनवर टाइप करत असेल तर ते होईपर्यंत थांबतो, मधला शब्द स्वतः भरत नाही. आणि कबुली शेवटच्या भागापर्यंत लांबवलेली नाही. दोघं एकत्र येतात आणि त्यानंतरही बरीच मालिका उरते, रोजचं सोबत असणं दाखवायला.

अबोली२१

थांबण्याबद्दल पूर्ण सहमत. माझ्या घरातही सगळे थांबत नाहीत. डोक्यावर हात ठेवण्याबद्दल निनाद यांच्याशी सहमत. त्याआधी विचारायला हवं होतं, आणि विचारण्यासाठी खूण पुरली असती.