जुनी ब्रिटिश गाडी रोज चालवावी की झाकून जपावी? (मॉरिस माइनरच्या निमित्ताने)

डर्बीकर

माझ्याकडे १९६७ची मॉरिस माइनर आहे, चार दारांची, १०९८ सीसी इंजिनाची. रोज कामावर हीच नेतो, बाजारहाटही हिच्यातूनच. हे ऐकलं की इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, मंडळातले बरेच जण म्हणतात, "अहो, एवढी जुनी गाडी, रोज काढून तिची वाट का लावता? ऊन पडलं की रविवारी काढायची, एरवी कव्हर घालून ठेवायची." मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते ही गाडी चालती राहिली तरच टिकते. तुम्हाला काय वाटतं ते वाचायला आवडेल, म्हणून हा धागा.

मुळात ही गाडी बनवली कशासाठी ते बघा. अलेक इसिगोनिस यांनी तिचा आराखडा केला आणि १९४८मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. उत्पादन थांबेपर्यंत सोळा लाखांच्या आसपास बनल्या. खेडोपाडी फिरणाऱ्या नर्स, टपाल खात्याच्या व्हॅन, गस्तीवरचे पोलीस, सगळ्यांकडे हीच. ती शोभेची वस्तू म्हणून कधीच बनली नव्हती. राबायलाच बनली होती.

आता उभी राहिली की काय होतं? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनोन्‌महिने गाडी हलली नाही की व्हील सिलिंडरच्या आत गंज धरतो, पिस्टन अडकतो, रबरी सील चिकटतं. माइनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, सांगाड्याच्या पोकळ तुळईत बसवलेला असतो. तो काढायचा म्हणजे अंगाची घडी करून काम करावं लागतं. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. टायर एकाच जागी दबतात, डायनॅमो चार्ज करत नाही म्हणून बॅटरी बसते. "फक्त रविवारी काढतो" म्हणणाऱ्यांच्या गाड्या प्रत्येक वसंतात टो ट्रकवर का दिसतात, त्याचं कारण हे आहे.

शिवाय रोज चालवणाऱ्याला गाडीचा आवाज कळतो. टॅपेटची टिकटिक जरा वाढली की मी शनिवारी इंजिनाचं वरचं झाकण उघडून बारा थाऊचं (इंचाच्या बारा हजारांश जाडीचं) फीलर गेज घालून बघतो. वर्षातून दोनदा गाडी काढणाऱ्याच्या ते कानावरच येत नाही.

निळू_लेस्टर

डर्बीकर, उन्हाळ्यापुरतं तुमचं सगळं मान्य. पण इंग्लंडच्या हिवाळ्याचं काय करायचं? नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत काउन्सिल रस्त्यावर मीठ टाकते. माइनरला वेगळी चॅसिस नाही, खालचा पत्रा हाच तिचा सांगाडा. मागच्या पाट्याच्या स्प्रिंगचे हँगर, जॅक लावायच्या जागा, गिअरबॉक्सखालचा आडवा क्रॉसमेंबर, सगळं त्या मिठाच्या पाण्यात भिजतं. ब्रेकचा सिलिंडर बदलायला एक दुपार पुरते. क्रॉसमेंबर सडला की वेल्डिंगचं बिल चार आकडी येतं.

ट्रॅव्हलर (माइनरचा इस्टेट प्रकार) असेल तर आणखी वाईट. मागची ती अॅश लाकडाची चौकट सजावटीसाठी नसते, ती गाडीचा भार पेलते. ती कुजली म्हणजे गाडीचा मागचा भागच कमकुवत झाला.

मी माझी मिजेट (एमजीची छोटी स्पोर्ट्स गाडी) नोव्हेंबरला आत घेतो, एप्रिलला काढतो. मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी ब्रेक दाबतो, थोडी पुढे-मागे करतो. तिला गंज लागलेला नाही.

डर्बीकर

मिठाचा मुद्दा खरा आहे. म्हणून ऑक्टोबरमध्ये सगळा खालचा भाग धुऊन, वाळवून पोकळ्यांमध्ये मेण मारून घेतो, आणि मीठ पडलेल्या आठवड्यात खालून पाण्याचा फवारा मारतो. पण निळूभाऊ, गंज उभ्या गाडीलाही लागतो. दमट शेडमध्ये, कव्हराखाली, तो दिसतसुद्धा नाही.

अनुराधा_रेडिंग

गंज आणि ब्रेक ऑइलवर एवढं लिहिलंत, पण माणसांबद्दल एक ओळ नाही. मी आपत्कालीन विभागात काम करते, म्हणून स्पष्ट लिहिते.

या गाडीला एअरबॅग नाही. धडकेत चेपून जोर शोषणारा पुढचा भाग नाही. स्टिअरिंगचा दांडा एकसंध लोखंडी आहे, समोरून धडक बसली की तो छातीकडे येतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक. मागची दीड टनाची एसयूव्ही तुमच्यापेक्षा चपळाईने थांबते, आणि नाही थांबली तर तुमच्या डिकीत येते. रविवारी गावाबाहेरच्या रस्त्यावर फिरलात तर धोका थोडा. रोज सकाळी आठ वाजता रिंग रोडवर जाता तेव्हा तो धोका रोज घेता.

आणि मुलं? ज्या जुन्या गाडीत सीट बेल्टच नाहीत, तिच्यात तीन वर्षांखालच्या मुलाला नेता येत नाही. त्याहून मोठ्यांनी मागेच बसायचं. कायदा इतकंच सांगतो, आणि तीन वर्षांचं मूल बेल्टशिवाय मागे बसवायला तो मोकळीक देतो. मला ती मोकळीक मान्य नाही. तुमची हौस तुमच्यापुरती, पण मागच्या सीटवर बसणाऱ्याला कोणी विचारलंय?

डर्बीकर

अनुराधाताई, हा या धाग्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. मुलांना मी हिच्यातून नेत नाही, त्यासाठी घरात दुसरी गाडी आहे. पुढे डिस्क ब्रेक बसवलेत, इनर्शिया बेल्ट लावलेत, मागचे दिवे एलईडी केलेत म्हणजे मागून येणाऱ्याला मी लवकर दिसतो. मोटारवेवर जात नाही. यातून ती आजच्या गाडीइतकी सुरक्षित होत नाही, आणि तसा माझा दावाही नाही. पण मोटारसायकल रोज चालवणारा माणूस याहून जास्त धोका पत्करतो आणि त्याला कोणी शेडमध्ये ठेव म्हणत नाही.

अनुराधा_रेडिंग

मी म्हणते. वॉर्डात रोज म्हणते.

स्पॅनर

मी या गाड्यांचंच काम करतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं सांगतो.

डर्बीकर "रोज" म्हणतात, पण रोज किती लांब ते कोणी विचारलं नाही. कामाची जागा दोन-तीन मैलांवर असेल तर रोज चालवणं हे उभं ठेवण्यापेक्षा वाईट. इंजिन पूर्ण तापतच नाही. चोक ओढलेला, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, वाफ सायलेन्सरमध्ये साचते आणि तो आतून सडतो. ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली तर समजा, ही गाडी जवळच्या जवळच फिरते. निदान अर्धा तास सलग चालली पाहिजे.

दुसरं ट्रनियन. पुढचं चाक ज्यावर वळतं तो स्विव्हल पिन आट्यांनी ट्रनियन नावाच्या धातूच्या बैठकीत बसतो. प्रत्येक बाजूला दोन ग्रीस निपल (ग्रीस भरायच्या तोट्या) असतात, एक वर, एक खाली. दर तीन हजार मैलांनी तिथे ग्रीस गेलंच पाहिजे. पद्धत अशी: जॅक लावून चाक अधांतरी करा, म्हणजे आट्यांवरचा भार निघतो. निपल आधी कापडाने पुसा, नाहीतर माती आत जाते. ग्रीस गन लावून सावकाश दाबा. आधी काळं, खरखरीत ग्रीस बाहेर येईल. स्वच्छ पिवळं दिसेपर्यंत दाबत राहा. खालच्या निपलमधून ग्रीस आत जातच नसेल तर ते चोंदलंय, बदला. हे टाळलं तर आटे झिजतात आणि एक दिवस गाडी वळवताना पिन निसटतो, चाक दुमडतं आणि गाडी मडगार्डवर बसते. रोज चालवणाऱ्याचे तीन हजार मैल चार-पाच महिन्यांत होतात. रविवारवाल्याचे तीन वर्षांत होतात, आणि तो तीन वर्षं गन हातात घेत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक झिजलेले ट्रनियन त्याच्या गाडीचे असतात.

तिसरं, पंपावर नेहमीचं पेट्रोल २०२१च्या सप्टेंबरपासून ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं, आहे. त्यातल्या इथेनॉलने जुने रबरी पाइप फुगतात, तडकतात. सुपर घ्या, आणि पाइप तरीही नवे टाका. इंजिनावर पेट्रोल ठिबकणं ही थट्टा नाही.

कोथरूडचा_मेकॅनिक

स्पॅनर, एक भर. हे ग्रीस माइनरला. ट्रायम्फ हेराल्ड या दुसऱ्या ब्रिटिश गाडीच्या ट्रनियनला मात्र नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागतं. आमच्याकडे मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्ड होत्या, त्यांना पुण्यातल्या गॅरेजवाल्यांनी सर्रास ग्रीस मारलं आणि कितीतरी गाड्यांची चाकं निखळली.

इथून वाचताना हेवा वाटतो. अॅम्बेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्डच, आणि आम्ही ती २०१४पर्यंत नवी विकत घेत होतो. आमच्याकडे "रोज चालवावी का" हा वादच उरलेला नाही. २०२१च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नोंदणीला वीस हजार रुपये. पण ती नोंद घेतली की नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे गाडी वाचवायची तर तिला चालवायचं नाही, असं कायद्यानेच ठरवलं. डर्बीकर, तुम्ही चालवा हो.

प्रणव_हिलिंग्डन

मला मात्र राग येतो, आणि तो लपवत नाही. २९ ऑगस्ट २०२३ला यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर रोजचं शुल्क लावणारं क्षेत्र) सगळ्या लंडनभर लागू झालं. माझी २०१२ची डिझेल गाडी, वेळेवर सर्व्हिस केलेली, रस्त्यावर काढली की दिवसाला साडेबारा पौंड. मला ती पडत्या भावात विकावी लागली. आणि डर्बीकरांची १९६७ची माइनर, कॅटलिटिक कन्व्हर्टर नसलेली, चोक ओढून निघणारी, ती ऐतिहासिक म्हणून फुकट! रोड टॅक्सही शून्य. वर्षातून चार वेळा निघणाऱ्या गाडीला सवलत द्या, माझी हरकत नाही. रोज कामावर जाणाऱ्याला ती का?

डर्बीकर

प्रणव, मी लंडनमध्ये चालवत नाही, पण प्रश्न टाळत नाही. नवी गाडी बनवताना पोलाद, प्लास्टिक, बॅटरी यांत जो कार्बन खर्च होतो, तो माझ्या गाडीचा १९६७मध्येच झाला. वजन आठशे किलोच्या आत, गॅलनला ३५ ते ४० मैल देते. सुटे भाग आजही नवे मिळतात. पन्नास वर्षं जगलेली गाडी भंगारात घालून दर दहा वर्षांनी नवी घेणं मला पर्यावरणप्रेम वाटत नाही.

प्रणव_हिलिंग्डन

कार्बनचं उत्तर दिलंत, मी धुराबद्दल विचारलं होतं. यूलेझ श्वासासाठी आहे. न जळालेले हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड शाळेच्या फाटकापाशी थांबलेल्या मुलाच्या नाकात जातात. त्या मुलाला तुमची गाडी किती वर्षांपूर्वी बनली याच्याशी काय देणंघेणं?

डर्बीकर

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दाट वस्तीच्या शहरात रोज चालवू नये, इथपर्यंत मी येतो. त्यापुढे नाही.

निळू_लेस्टर

एक विचारायचं राहिलं. मे २०१८पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला, मोठे बदल नसतील तर, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) लागत नाही. तुम्ही करून घेता का?

डर्बीकर

दरवर्षी, स्वखुशीने. आणि उद्या सरकारने रोज चालवणाऱ्यांना सक्ती केली तर मी पाठिंबा देईन. अनुराधाताईंना एवढं तरी पटेल.

अनुराधा_रेडिंग

पटलं. पण रोजच्या वापरालाच का? सगळ्यांनाच करा. निखळलेलं चाक कॅलेंडर बघत नाही.

स्पॅनर

करा, पण त्यावर विसंबू नका. एमओटी ही त्या दिवसाची तपासणी असते. झिजलेल्या ट्रनियनमध्ये ताजं घट्ट ग्रीस भरलं की चाक हलवताना हाताला लागणारा हिसका दबतो, आणि ज्याने आयुष्यात फक्त बॉल जॉइंट पाहिलेत त्या तरुण टेस्टरला ते जाणवत नाही. तो पास करतो. कागदापेक्षा जॅक लावून, चाक वर-खाली धरून, ग्रीस भरण्याच्या आधी हलवून बघा. हिसका लागला तर त्याच आठवड्यात ट्रनियन आणि पिन दोन्ही नवे. एकच बदललं तर नवे आटे जुन्यावर झिजतात.

निळू_लेस्टर

मिजेटलाही हेच का? तिचा खालचा फल्क्रम पिन वेगळा असतो.

स्पॅनर

पिन वेगळा, हाताने हलवून बघायची रीत हीच. एप्रिलला बाहेर काढाल तेव्हा ग्रीस मारायच्या आधी बघा.