१ तारखेपासून ऑफिस: अंगावर पाजणं आणि पंप, मेळ कसा घालू? (बजेट २५००)

नाशिकची_मनी:
लेक साडेपाच महिन्यांची, आजवर फक्त अंगावर. २६ आठवड्यांची रजा संपतेय. ऑफिस साडेनऊ ते सहा, स्कूटीने दहा मिनिटं. बहिणीचा पंप लावून पाहिला, पाजून झाल्यावर जेमतेम ३० मिली निघालं. दूध आटतंय का? कुठला पंप घेऊ? २५०० च्या वर जमणार नाही.

दोनदा_आई:
बजेट वाढव. मी १४ हजारांचा घेतला, ब्राच्या आत बसतो. मीटिंगमध्ये चालू असायचा, कुणाला पत्ता नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
पत्ता नाही कसा? जावेचा तसलाच होता, माशी अडकल्यासारखा गुंईगुंई वाजायचा.

दोनदा_आई:
माझा नाही वाजत.

सांगलीच्या_काकू:
अळिवाची खीर खा, डिंकाचे लाडू खा. आम्ही चार-चार पोरं वाढवली, कुठले पंप नि कुठलं काय.

रात्रपाळी:
मनी, ती पोटभर प्यायल्यावर ३० मिली निघतंय, म्हणजे ते उरलेलं. आटलं कुठे? बाळ ओढतं तसं यंत्र ओढत नाही, बाटलीवरून अंदाज बांधू नकोस. दिवसाला सहा-सात वेळा शू आणि वजन वाढतंय, एवढं बघ. पहाटे जास्त निघतं. ती एका बाजूला पीत असताना दुसरीकडे पंप लाव, पान्हा तिच्यामुळेच फुटतो. ऑफिसात ती जितक्या वेळा प्यायली असती तितक्यांदा काढ. घरी मात्र थेट पाज, वर हावरटपणा नको. मी फ्रीझर भरायच्या नादात दर वेळी पाजून झालं की काढत सुटले. शरीराला वाटलं जुळी आहेत! छाती दगडासारखी दाटली, गाठ धरली, तापाने फणफणले. डॉक्टरांनी आधी तो जास्तीचा पंप बंद करायला लावला.

पुणेरी_बाबा:
बायकोतर्फे लिहितोय. पंपाच्या किमतीपेक्षा फनेलचं (स्तनाग्रावर बसतं त्या नरसाळ्याचं) माप बघा. आमच्यासोबत २४ मिमीचं आलं होतं, तिला लागलं १९. महिनाभर 'दूधच नाही' म्हणून रडारड, दोष मापाचा. दुकानदार मात्र 'सगळ्यांना हेच बसतं' यावर ठाम.

सांगलीच्या_काकू:
अळीव रात्री भिजत घालायचे हो.

वऱ्हाडी_ठेचा:
काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. आमच्याकडे मे महिन्यात २५ अंश फक्त फ्रिजातच असतात, त्यामुळे बर्फाच्या पाकिटांची पिशवी घेच. गोठवलेलं एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही. आमचे लाईट सहा तास गेले होते, अकरा पिशव्या मोरीत ओतल्या. ओतताना रडले.

पुणेरी_बाबा:
इन्व्हर्टर नाही का? आम्ही ट्युब्युलर बॅटरी…

रात्रपाळी:
इन्व्हर्टरचा वेगळा धागा काढा.

फाईलवाली:
बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या कायद्यात आहेत, लेखी माग. मी मागितल्या नाहीत. रेकॉर्डरूममध्ये गठ्ठ्यांच्या मागे, दाराला खुर्ची लावून बसायचे. एकदा शिपाईदादांनी दार ढकललं, दचकून बाटली कलंडली. ९० मिली साडीवर.

दोनदा_आई:
ब्रातला असता तर सांडलं नसतं.

नाशिकची_मनी:
सगळ्यांचे आभार. पंप घेत नाहीये. दुपारी एकला स्कूटीने घरी जाऊन पाजून येणार. साहेबांना कायद्याचं सांगितलं, 'बघू' म्हणाले, मी ते हो धरलंय. पहाटे हातानेच पिळून काढते, काल वाटीभर निघालं. सासूबाई ते दुपारी चारला वाटी-चमच्याने पाजतील. रंगीत तालमीत निम्मं लाळेऱ्यावर गेलं, पण बाईसाहेब मिटक्या मारत होत्या. उष्टावणही पंधरा दिवसांवर आलंय. २५०० तल्या काही पैशांत स्कूटीचं मागचं टायर बदललं.

दोनदा_आई:
पस्तावशील. माझा आहे अजून, ९ हजारांत देते.