नकाशा काढला, पण जग पटत नाही

प्रश्न: कादंबरीसाठी खंडाचा नकाशा केलाय. मधे डोंगररांग, दोन्ही बाजूंना घनदाट जंगल, एका सरोवरातून चार नद्या चार समुद्रांना. वाचणारे म्हणतात, खोटं वाटतं. कुठं चुकतंय?

उत्तर १: आधी नद्या. सरोवराचा काठ जिथं सर्वांत सखल, तिथूनच पाणी बाहेर पडतं. म्हणून नदी बहुधा एकच. नद्या वाटेत एकमेकींना मिळतात, फाटे फुटतात ते मुखाशी. मग वारा ठरवा. समुद्रावरचा वारा डोंगर चढताना थंड होतो, पाऊस तिथंच पडतो, पलीकडे पर्जन्यछाया, म्हणजे पाऊस कमी. तिकडचं जंगल पुसा, माळरान येऊ द्या.

उत्तर २: अंतरंही मोजा की! पायी माणूस दिवसाला २५-३० किमी, लादलेली गाडी त्याहून कमी. ६०० किमीवर निरोप दुसऱ्या दिवशी पोचला, की वाचक सुटलाच. (जादूचा पक्षी आणलात तर तो सगळेच का वापरत नाहीत, तेही सांगा.)

प्रश्नकर्ता: राजधानी नेमकी त्या माळरानावर आहे. हलवू?

उत्तर १: मुळीच नको. विहिरी कोणाच्या ताब्यात, ते ठरवा. भांडण आपोआप सापडेल. फक्त पहिल्याच प्रकरणात सगळं ओतू नका. पाहुण्याला पाणी मोजून देणारी पळी दाखवली तरी पुरे.